वाङ्मयप्रकारांच्या सीमा आणि वाचकाचा पुस्तकशोध : सातारा-सांगली परिसरातील साहित्याच्या संदर्भात

बीजसंज्ञा : वाङ्मयप्रकार, वर्गीकरण, वाचक, माणदेश, प्रत्यय

प्रस्तावना

वाचकाला पुस्तक कसे सापडते आणि सापडलेल्या अनेक पुस्तकांपैकी एखादेच त्याच्या मनात घर का करते, हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. मराठी समीक्षेने लेखकाचा आणि साहित्यकृतीचा विचार विस्ताराने केला. वाचकाच्या पुस्तकशोधाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले. वाचक कादंबरीचा, कवितेचा किंवा चरित्राचा असतो, असे आपण गृहीत धरतो. ग्रंथालयातील कपाटे आणि विद्यापीठीय अभ्यासपत्रिका याच गृहीतावर उभ्या आहेत. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील निवडक साहित्यकृतींच्या आधारे हे गृहीत तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या दोन जिल्ह्यांचा एकत्रित विचार करण्यास ऐतिहासिक आधार आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० पासून तो सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. एकच कृष्णा नदी दोन्ही जिल्ह्यांतून वाहते. सांगली जिल्ह्यातील आटपाडी हा भाग पूर्वी, आज सातारा जिल्ह्यात असलेल्या औंधच्या संस्थानात होता. प्रशासनाने आखलेली रेषा येथील जगण्याला आणि साहित्याला पूर्णपणे विभागू शकलेली नाही. वाङ्मयप्रकारांच्या रेषेबाबतही असेच काही म्हणता येईल काय, हे येथे पाहावयाचे आहे.

१. वर्गीकरणाची सोय आणि मर्यादा

सातारा जिल्ह्यातील भिलार हे पाचगणी-महाबळेश्वर परिसरातील स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले गाव. ४ मे २०१७ रोजी राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने ते 'पुस्तकांचे गाव' झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावाची प्रेरणा त्यामागे होती. मात्र तेथे जुन्या पुस्तकांच्या विक्रीची दुकाने आहेत, तर भिलारमध्ये पुस्तके विनामूल्य वाचावयास मिळतात. प्रारंभी गावातील २५ ठिकाणी सुमारे १५,००० पुस्तके ठेवण्यात आली. घरे, निवासस्थाने, शाळा, मंदिर अशा जागांना एकेक साहित्यप्रकार वाटून देण्यात आला. कादंबरी एका घरी, कविता दुसऱ्या घरी, चरित्रे-आत्मचरित्रे तिसऱ्या घरी, अशी ही रचना आहे. पुढे योजनेचा विस्तार करताना सांगली जिल्ह्यातील अंकलखोप-औदुंबरची निवड झाली. मकर संक्रांतीला भरणाऱ्या साहित्य संमेलनामुळे औदुंबरला वाचनसंस्कृतीची परंपरा आधीच लाभलेली होती.

गावाच्या पातळीवर दिसणारी ही रचना प्रत्येक ग्रंथालयात सूक्ष्म रूपाने असतेच. ड्यूई दशांश पद्धतीनुसार मराठी कादंबरी ८९१.४६३ या क्रमांकाखाली जाते. आत्मचरित्रे अनेक ग्रंथालयांत ९२० च्या गटात, म्हणजे इतिहास-भूगोलाच्या शेजारी ठेवली जातात. एकाच गावातील दोन लेखकांची पुस्तके अशा रीतीने दोन वेगळ्या दालनांत जाऊन बसतात. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा त्यांतील दोन सूत्रांचा आशय होय. वर्गीकरणाने पहिले सूत्र बऱ्याच अंशी साधते, कारण हवे ते पुस्तक वाचकाला चटकन मिळते. दुसरे सूत्र साधणे कठीण असते. जे पुस्तक हवे आहे हे वाचकाला ठाऊकच नाही, ते त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची सोय कपाटाच्या क्रमांकात नसते.

२. एक माणदेश, तीन वाङ्मयप्रकार

आटपाडी तालुक्यातील साहित्य हे या प्रश्नाचे ठळक उदाहरण आहे. व्यंकटेश माडगूळकर यांचे 'माणदेशी माणसे' (१९४९) हे पुस्तक व्यक्तिचित्रांचे. त्यांची 'बनगरवाडी' १९५४ च्या 'मौज' दिवाळी अंकात आली आणि १९५५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, ती कादंबरी. शंकरराव खरात यांचे 'तराळ-अंतराळ' (१९८१) हे आत्मचरित्र. तिन्ही पुस्तकांतील भूमी एकच, अवर्षणाची आणि पोटासाठी माणसांना देशोधडीला लावणारी.

'बनगरवाडी'चा निवेदक हा तरुण शिक्षक आहे. धनगरांच्या वस्तीत तो बाहेरून येतो, हळूहळू तेथला होतो आणि दुष्काळाने वाडी ओस पडल्यावर तेथून निघतो. ही कादंबरी की परस्परांशी गुंफलेल्या व्यक्तिचित्रांची मालिका, असा प्रश्न तिच्या सैल घडणीमुळे पडू शकतो. सामान्य वाचकाला हा प्रश्न अडवत नाही. 'माणदेशी माणसे' वाचून तो 'बनगरवाडी'कडे सहज जातो, कारण लेखक एकच आहे आणि पाहण्याची रीतही ओळखीची आहे.

'तराळ-अंतराळ'कडे जाणारी वाट मात्र तितकी सहज नाही. तराळ म्हणजे गावकीची कामे करणारा महार सेवक. खरातांचे वडील ही कामे करीत. त्या घरातून निघून लेखक वकील झाला, डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत आला आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. शीर्षकातील दोन शब्दांमधले अंतर हेच या आत्मचरित्राचे कथानक आहे. माडगूळकरांचा निवेदक सहानुभूतीने पाहतो, तरीही तो पाहणारा आहे. वाडीने त्याला मास्तर म्हणून मान दिलेला आहे. खरातांचा निवेदक गावाच्या उतरंडीत सर्वांत खाली उभा राहून तेच गाव सांगतो. पहिल्या पुस्तकात दुष्काळ सर्वांवर कोसळतो. दुसऱ्यात पाऊसपाणी बरे असतानाही काहींच्या वाट्याला दुष्काळच असतो, हे उमगते.

हे दोन्ही लेखक साहित्यव्यवहारात परस्परांपासून दूर नव्हते. १९८३ च्या अंबाजोगाई येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माडगूळकर होते, तर १९८४ च्या जळगाव संमेलनाचे अध्यक्ष खरात. एकाच तालुक्यातील दोन लेखकांना लागोपाठच्या वर्षी हा मान मिळाला. असे असूनही अभ्यासक्रमात एकाची नोंद 'ग्रामीण साहित्य' या पत्रिकेत आणि दुसऱ्याची 'दलित आत्मकथन' या पत्रिकेत होते. केवळ पहिली पत्रिका घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती अर्धेच गाव लागते. वर्गीकरणाचा दोष येथे केवळ ग्रंथालयीन राहत नाही. गावाची जी विभागणी गावकुसाने केली होती, तिचीच पुनरावृत्ती नकळत कपाटात होते.

३. अपेक्षा आणि अपेक्षाभंग

जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी अपेक्षांच्या क्षितिजाची संकल्पना मांडली. वाचक आधीच्या वाचनातून घडलेल्या अपेक्षा घेऊन नव्या कृतीकडे येतो आणि श्रेष्ठ कृती त्या अपेक्षांचे क्षितिज विस्तारते, असा तिचा आशय आहे. मराठीत इतिहासाधारित कादंबरीने असा मोठा वाचकवर्ग घडवला. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' (१९६२) पासून तो विशेष वाढला. पराक्रम, निष्ठा आणि बलिदान या त्याच्या अपेक्षा होत. वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) या सर्व अपेक्षा पूर्ण करते. मात्र तिचा नायक मांग समाजातील आहे आणि त्याची लढाई भुकेसाठी व मानासाठी आहे. पराक्रमाच्या ओढीने आलेल्या वाचकाला पराक्रम कोणाचा, हा प्रश्न येथे नव्याने पडतो. सवयीच्या वाटेने त्याला अनोळखी मुक्कामी नेणे, हे 'फकिरा'च्या लोकप्रियतेमागचे एक महत्त्वाचे कारण मानावे लागेल.

पुस्तकाचा शोध कधी कपाटाबाहेरच लागतो. फलटण येथे राहणाऱ्या बेबीताई कांबळे यांनी आपले लेखन अनेक वर्षे घरच्यांपासूनही लपवून ठेवले होते. फलटणला स्थायिक झालेल्या भाषाभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या आग्रहामुळे ते उजेडात आले. 'स्त्री' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊन १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. त्याला आत्मचरित्र म्हणावे, तर त्यात 'मी'पेक्षा 'आम्ही' अधिक आहे. महार समाजातील स्त्रियांचे कष्ट, सण, अंधश्रद्धा आणि आंबेडकरी जागृती यांचा तो सामूहिक वृत्तान्त आहे. फलटण तालुक्याचेच लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) कैकाडी समाजाची भटकंती सांगते. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली असता गावकुसाबाहेरचे जगही एकसंध नाही, हे लक्षात येते. गावाबाहेर राहणे आणि कोणतेच गाव नसणे यांतील फरक एकेक पुस्तक सुटे वाचून कळत नाही.

यशवंतराव चव्हाण यांचे 'कृष्णाकाठ' (१९८४) याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. राजकारणाच्या जिज्ञासेने ते उघडणाऱ्या वाचकाला देवराष्ट्रे आणि कराड येथील गरिबीचे बालपण व आईचे व्यक्तिमत्त्व अधिक काळ स्मरणात राहते. कारण त्या पानांत नेत्याच्या जागी वाचकाला आपल्याच परिसरातील एक मुलगा भेटतो.

४. पुस्तक का भिडते?

वरील उदाहरणांतून एक सूत्र हाती येते. पुस्तक भिडते तेव्हा त्यात ओळख आणि अनोळख या दोहोंचा संयोग झालेला असतो. केवळ ओळखीचे असेल तर ते करमणूक करते आणि विसरले जाते. केवळ अनोळखी असेल तर वाचक उंबरठ्यावरूनच परततो. ओळखीची नदी, बोली किंवा वेस दाखवून जे पुस्तक वाचकाला आजवर न दिसलेल्या घरात नेते, तेच त्याचे होते.

वाङ्मयप्रकार निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. आत्मचरित्र हाती घेणारा वाचक ते खरे आहे या विश्वासाने वाचतो आणि त्या विश्वासामुळेच 'उपरा'चा आघात तीव्र होतो. प्रकार वाचकाला दारापर्यंत आणतो. आत गेल्यावर त्याला पुढच्या घराची वाट दाखवणे हे शिक्षकाचे आणि ग्रंथपालाचे काम आहे.

समारोप

वाङ्मयप्रकारानुसार होणारी मांडणी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. तिच्या जोडीला प्रदेश, जीवनानुभव आणि बोली यांना धरून जाणारे वाचनमार्ग आखता येतील. महाविद्यालयीन ग्रंथालयात 'माणदेश' किंवा 'कृष्णाकाठ' असे एखादे आडवे कपाट ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. भिलारमधील वाचकाला कादंबरीच्या घरातून बाहेर पडताना आत्मचरित्राच्या घरातील एका पुस्तकाचे नाव सांगता येईल. मराठी विभागाला 'बनगरवाडी' शिकवतानाच 'तराळ-अंतराळ'मधील एखादे प्रकरण वर्गात वाचता येईल. आटपाडीच्या विद्यार्थ्याला आपल्या तालुक्याचे पूर्ण चित्र मिळावे असे वाटत असेल, तर ही दोन पुस्तके एकाच टेबलावर आली पाहिजेत.