स्वस्त गोणीचा हिशोब

युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला साधारण २६६ रुपयांना मिळते. तिला आपण स्वस्त म्हणतो. माझा आक्षेप या शब्दालाच आहे.

बारामती-इंदापुरात १८८५ पासून नीरा डाव्या कालव्याचं पाणी फिरतंय, त्याच्यामागून ऊस आला. आडसाली उसाला शिफारसच हेक्टरी ४०० किलो नत्राची. वर 'अजून एक गोणी टाकू' हे असतंच. आता बघा, नत्राचं नायट्रेट झालं की ते मातीला धरून राहत नाही. पाटपाण्याबरोबर झिरपतं, विहिरीत उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही. आणि पाणी उकळलं तरी ते जात नाही; उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं! काळजीनं पाणी उकळून बाळाला पाजणारी आईच इथं फसते. आपल्या मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. ती बरीच ओलांडली, तर तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही, अंग निळसर पडतं.

शेतकऱ्याला मी दोष देत नाही. २०१० मध्ये स्फुरद-पालाशाचं अनुदान अन्नद्रव्यांच्या प्रमाणाशी बांधलं, युरिया मात्र बाहेर ठेवला. हात तिकडेच वळणार. सरकार अनुदान मोजतं, कारखाना टनेज मोजतो. मळ्यातल्या विहिरीचं नायट्रेट कोणाच्याच वहीत नाही, आणि तरी गोणी स्वस्त!