न खपलेल्या तबकड्या

माझं संगीतावर प्रेम आहे, हे मी आजवर चारचौघांत बिनदिक्कत सांगत आलो. नांदेडात वकीलसाहेबांची ओळख होईपर्यंत त्याला कुणी हरकतही घेतली नव्हती. वकीलसाहेबांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "किती आहेत?"

"काय किती?"

"तबकड्या हो."

"असतील अठरा-वीस. आईच्या वेळच्या. माळ्यावर आहेत."

"लेबल कोणतं?"

आता रामरक्षा म्हणणाऱ्या माणसाला पुस्तक कुठल्या छापखान्यातलं म्हणून विचारलं तर त्यानं काय सांगावं? मी गप्प बसलो. वकीलसाहेबांनी माझ्याकडे, अशिलानं खरं बोलायचं ठरवल्यावर बघतात तसं बघितलं.

त्यांच्या वजिराबादेतल्या घरी ७८ फेऱ्यांच्या दोन हजारांवर तबकड्या आहेत. वहिनींचा लग्नातला शालू ट्रंकेत आणि शालूच्या कपाटात जोहराबाई आग्रेवाली. दर रविवारी सकाळी तिथं आम्ही सात-आठ जण सतरंजीवर बसून ऐकतो. नियम कडक. सुई उचलल्याशिवाय 'वाहवा' म्हणायचं नाही. तबकडीला हात लावायचा नाही. आणि मुख्य म्हणजे लेबलवर पांढरा कागद चिकटवलेला असतो. गाणारा कोण ते साहेब सांगत नाहीत. सांगितलं तर उद्या आपण लातूरच्या गंजगोलाईत जाऊन तीच तबकडी शोधू, अशी त्यांना भीती. आमच्यातल्या एकालाही गोलाईतून धड हळद निवडून आणता येत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

हा कागद चिकटवायचा प्रकार मला खास नांदेडी वाटत होता. माझा भाचा मँचेस्टरला असतो. त्यानं फोनवर माझा भ्रमनिरास केला. तिकडे 'नॉर्दर्न सोल' नावाचा एक पंथच आहे म्हणे. अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या, १९६० नंतरच्या दहा वर्षांतल्या, तिकडे साफ पडलेल्या तबकड्या इंग्लंडच्या उत्तर भागातली गिरणीतली, कारखान्यातली पोरं शोधून आणायची आणि रात्र-रात्र त्यावर नाचायची. विगन गावातलं 'विगन कॅसिनो' त्यांचं पंढरपूर. ते १९७३ ते १९८१ चाललं. नाव कॅसिनो, पण आत जुगार नाही, दारूही नाही. मध्यरात्रीनंतर सुरू, सकाळी आठला बंद. पाय नीट घसरावेत म्हणून जमिनीवर टाल्कम पावडर टाकायची. (काही पोरं जागं राहायला गोळ्या घ्यायची. आमच्याकडे वहिनींचा चहा तेच काम करतो.) आणि तिथले तबकड्या लावणारेसुद्धा लेबलवर कागद चिकटवून खोटी नावं सांगायचे! विगनला शेवटची तीन गाणी कायमची ठरलेली होती, ती वाजली की समजायचं, उठा. आमच्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी लागते.

फरक एवढाच, की ते नाचायचे आणि आम्ही मांडी मोडून पाय पसरले तरी साहेब भुवई उंचावतात.

भाच्यानं आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मी साहेबांना सांगायची चूक केली. फ्रँक विल्सन नावाच्या गायकाची १९६५ची एक तबकडी. कंपनीनं नमुन्याच्या प्रती काढल्या, मग त्यानं गाण्यापेक्षा गाणी बसवण्याचं काम पसंत केलं आणि प्रती नष्ट झाल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वाचल्या. त्यांतली एक २००९ साली पंचवीस हजार पौंडांवर गेली, आणि २०२० साली लाख पौंडांच्याही वर. साहेब दोन मिनिटं बोलले नाहीत. मग कपाटाकडे बघत म्हणाले, "बघा मास्तर. आणि ही म्हणते, भंगारात द्या."

इथंच माझा साहेबांशी मतभेद आहे, आणि तो मी आज लेखी नोंदवतो. तबकडी दुर्मिळ का होते? न खपल्यामुळे. बालगंधर्वांच्या तबकड्या घराघरांत गेल्या, म्हणून संग्रहवाला त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. ज्याचं गाणं कुणी घेतलं नाही, ते मात्र आज फडक्यात गुंडाळून ठेवायचं. हा न्याय आपण आंब्याला लावत नाही.

लातूरची गोष्ट सांगतो. एका जुन्या वाड्याची आवराआवर चालली आहे, अशी साहेबांना खबर लागली. एस.टी.नं गेलो. पूर्वी मिरजेहून लातूरला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी यायची. मिरजेचे खाँसाहेब त्याच गाडीनं तबकडीच्या रूपात मराठवाड्यात आले असतील, असं साहेब वाटभर सांगत होते. वाड्यात ऐंशीच्या पुढच्या आजीबाई. सगळं आधीच भंगारवाल्यानं नेलेलं. पण ताकाच्या गाडग्यावर झाकण म्हणून एक तबकडी होती. मधल्या भोकावर लिंबू ठेवलेलं. साहेबांचे हात थरथरले.

"घेऊन जावा की," आजीबाई म्हणाल्या, "पर झाकण देऊन जावा."

मग आम्ही गोलाईत जाऊन स्टीलचं झाकण घेतलं. ते बसेना. पुन्हा गेलो, दुसरं घेतलं. परतीच्या एस.टी.त साहेबांनी तबकडीसाठी वेगळं तिकीट काढलं आणि कंडक्टरला "प्रवासी कुठाय?" या प्रश्नाचं उत्तर नांदेड येईपर्यंत देत राहिले.

रविवारी ती लागली. कुठल्याशा नाटक मंडळीतल्या नटाचं पद. खरखरीतून आवाज आला आणि माझ्या लक्षात आलं, की त्या घरात ताकाला विरजणाची गरज पडत नसणार. षड्ज एकीकडे, पेटी दुसरीकडे, तान मध्येच उतरून पायी निघालेली. सुई उचलली. कुणी 'वाहवा' म्हणेना. साहेब म्हणाले, "दुसरी प्रत कुठंच नाही!" मी म्हणालो, "नसावीच."

आठ दिवस माझ्याशी अबोला होता.

पण टीका करायची तर पुरती करावी. विगनच्या पोरांचा मुद्दा मला झोपू देईना. ती गाणी पडली ती वाईट म्हणून नव्हे, कंपनीनं जाहिरात केली नाही, रेडिओवर वाजली नाहीत म्हणून. कैक वेळा तर त्यांनी उचललेलं गाणं खपलेल्या तबकडीच्या उलट बाजूचं असायचं. म्हणजे न खपणं हा गाण्याचा गुणही नाही आणि दोषही नाही. जोहराबाईंच्या तीन मिनिटांत आलाप, बंदिश, ताना असं सगळं अंग धुऊन, पूजा आटोपून माणूस दारात उभा असतो. आजच्या मैफलीत तेवढ्या वेळात तंबोरेसुद्धा जुळत नाहीत. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजान पहिल्यांदा ध्वनिमुद्रणाला बसल्या. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायचं. तिथं गाणारी आपलं नाव ओरडून सांगते आहे, आणि इथं आमचे साहेब त्यावर कागद चिकटवतात!

मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था निघाली. साहेबांसारख्यांनी लेबलं, नंबर, साल यांचा कीस पाडला नसता तर यातलं निम्मं आपल्याला कळलं नसतं, हेही मान्य. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचं गाणं शिष्यांच्या गळ्यातून ऐकायचं, तबकडीवर नाही. तिथं संग्रहवाल्याचे हात टेकतात. बुवांचं नाव निघालं की साहेब कपाटातली एक रिकामी फट दाखवतात. ती जागा त्यांनी राखून ठेवली आहे.

गेल्या पावसाळ्यात एक रविवार असाच आला. कागद लावलेली तबकडी. बाईंचा आवाज, संथ भजन. दुसऱ्या ओळीला बाई एक स्वर असा सोडून देतात, की पुढं काय होणार या काळजीनं मी श्वास धरला. डोळ्यांत पाणी आलं. नियम मोडून "वा!" म्हणालो. त्या दिवशी साहेब कशानं तरी खुशीत होते. त्यांनी कागद काढला. (नाव लिहीत नाही. शब्द दिलाय.)

ती तबकडी माझ्या माळ्यावर होती.

घरी येऊन शिडी लावली. आईची आवडती बाजू पहिली. ती एवढी वाजलेली, की पोलादी सुयांनी मुखड्याच्या जागी काळ्याचं राखाडी झालेलं. तिथं सुई उडी मारते, आणि त्या उडीसकट ते पद मला पाठ आहे. आई पुन्हा-पुन्हा सुई तिथंच आणून ठेवायची. दुसरी बाजू काळी कुळकुळीत. पन्नास-पंचावन्न वर्षांत आमच्या घरात ती कुणी उलटलीच नव्हती.

मी तबकडी घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी दिव्याखाली धरली. "पहिली बाजू गेली तुमची. तशी किंमत नाही हिला, घरोघर आहे. थांबा, माझ्याकडची कोरी देतो." दिली आणि लावूनही दाखवली. आवाज स्वच्छ. मुखडा आला आणि सुई उडी न मारता सरळ पुढं गेली. मला पायरी चुकल्यासारखं झालं.

"नको," मी म्हणालो. "माझीच बरी."

मला वाटलं, आता पुन्हा अबोला. पण साहेब बराच वेळ ती राखाडी जागा बघत बसले. अंगठ्याच्या नखानं, न लावता, वरून-वरून. मग म्हणाले, "आमच्याकडच्या सगळ्या कोऱ्या हायेत, मास्तर."

साहेब आता एक्क्याऐंशीचे आहेत. मुलगा पुण्याला, दोन खोल्यांत. परवा निघताना त्यांनी मला जिन्यावर थांबवलं. "माझ्यामागं ह्यांचं कसं? तुम्ही न्याल का?"

दोन हजार तबकड्या! एकेकीचं वजन पाव किलो धरा. माझ्या घरात बायको आहे, आणि ती या घराची मूळ मालकीण असल्यासारखी वागते. मी म्हणालो, "एक पेटी नेतो. पण कागद काढून द्या."

रात्री दहा वाजता ऑटोतून पेटी घेऊन आलो. बायकोनं दारातच विचारलं, "हे काय आणायलाव? ठेवणार कुठं?"

सध्या पेटी पलंगाखाली आहे. ताकाच्या झाकणाची तबकडी साहेबांनी सगळ्यांत वर ठेवून दिली आहे.