हसू आणि हसे

चित्रपट-परीक्षण हा आमचा प्रांत नव्हे. वर्षाकाठी चार-पाच चित्रपट आम्ही पाहतो. तेही बहुधा धर्मग्रामातील तरुण मंडळींच्या आग्रहाखातर, किंवा एखाद्या कुटुंबाने आपुलकीने एक तिकीट जादा काढले म्हणून. घाटकोपरचे ओडियन, मुलुंडचे मेहुल, अंधेरीचे नवरंग, बोरिवलीचे डायमंड या चित्रपटगृहांच्या दारावर 'हाउसफुल्ल'ची पाटी लागली की रांगेतली माणसे हिरमुसून माघारी फिरत, त्या काळात आम्हाला चित्रपटाची गोडी लागली. आज उपनगरातला प्रेक्षक मॉलच्या सरकत्या जिन्याने वर जातो आणि मक्याच्या लाह्यांसाठी तिकिटाइतकेच पैसे मोजतो. पडदा, खुर्ची, आवाज सारे बदलले. आपण कशाला हसतो, ते मात्र कितपत बदलले, हा प्रश्न गेले काही महिने आमच्या मनात घोळतो आहे. त्याला एक निमित्त घडले.

गेल्या वर्षी नाताळनंतरच्या स्नेहसंमेलनात आमच्या तरुणांनी एक छोटे प्रहसन सादर केले. डोक्यावर तिरकी हॅट, हातात बाटली, तोंडी मोडकी हिंदी आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'मॅन' असा एक 'अंकल' झोकांड्या खात रंगमंचावर आला आणि सभागृह हशाने दणाणून गेले. आम्हीही पहिल्या रांगेत बसून मनमुराद हसलो. प्रहसन संपण्यापूर्वीच मधल्या रांगेतले एक गृहस्थ पत्नीसह उठून शांतपणे बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी मिस्सानंतर ते स्वतःच भेटायला आले.

"फादर, मी रागावलेलो नाही," ते म्हणाले. "अकरा वर्षे झाली, मी थेंबाला शिवलेलो नाही. पण कचेरीत पार्टी ठरली की अजूनही सगळे माझ्याकडे बघून बाटलीची खूण करतात. मी कधी काळी पीत होतो हे त्यांना ठाऊक नाही, फादर. त्यांना फक्त माझे नाव ठाऊक आहे. काल आपल्याच हॉलमध्ये तीच खूण पाहिली."

आम्हाला त्या वेळी उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे उशिरा केलेला उत्तराचा प्रयत्न आहे.

तो झिंगलेला 'अंकल' आमच्या मुलांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांत पाहिलेला नव्हता. तो त्यांनी पडद्यावरून उचलला होता. राज कपूर यांच्या 'बॉबी'मध्ये (१९७३) प्रेमनाथ यांनी रंगवलेला गोव्याचा मच्छीमार जॅक ब्रगांझा आठवावा. त्यानंतर चार वर्षांनी मनमोहन देसाई यांचा 'अमर अकबर अँथनी' (१९७७) आला. अमिताभ बच्चन यांचा अँथनी देशी दारूचा गुत्ता चालवतो, ईस्टरच्या समारंभात अवाढव्य अंड्यातून बाहेर पडून गातो आणि दारूच्या नशेत आरशातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाला मलमपट्टी करतो. तो प्रसंग आजही कोणी लावला तर आम्ही हातातले काम बाजूला ठेवून पाहू, हे कबूल केले पाहिजे. अभिनय म्हणून तो अव्वल आहे. शिवाय त्या अँथनीवर साऱ्या देशाने प्रेम केले. तीन धर्मांत वाढलेल्या तीन भावांचे रक्त एकाच वेळी एका आईच्या शरीरात जाते, हे वैद्यकशास्त्राला न पटणारे दृश्य प्रेक्षकांच्या मनाला पटले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

परंतु याच चित्रपटाची दुसरी हकीकत फार थोड्यांना ठाऊक असते. अँथनी गोन्साल्विस हे नाव काल्पनिक नव्हते. गोव्यातील माजोर्डा गावचे त्या नावाचे व्हायोलिनवादक हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांची रचना करीत आणि संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. गुरूच्या स्मरणार्थ ते नाव गाण्यात आले आणि घरोघरी पोचले. २०१२ साली हे गुरुजी निवर्तले. विचार करावा: चित्रपटसृष्टीच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोमंतकीय ख्रिस्ती वादकांनी आणि संयोजकांनी आयुष्ये वेचली, अनेक अवीट गाण्यांच्या पाठीमागे त्यांची शिस्त, त्यांचे स्वरलेखन आणि त्यांचा रियाज उभा आहे. पडद्यामागे अँथनी वाद्यवृंद बांधीत होता आणि पडद्यावर अँथनी झिंगत होता. प्रेक्षकांनी दुसरा लक्षात ठेवला, कारण पहिला त्यांना दाखवलाच गेला नाही. आमची तक्रार आहे ती इतकीच. दारुडा ख्रिस्ती माणूस पडद्यावर असूच नये, असे आम्ही म्हणत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. पण वर्षानुवर्षे तोच एक माणूस दाखवला गेला की तो व्यक्ती राहत नाही, खूण होऊन बसतो. आणि मग कचेरीतले सहकारी ती खूण करतात.

ख्रिस्ती पात्राची टर उडवली की समाजाचा अपमान होतोच, असेही नाही. कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारो' (१९८३) घ्या. त्यातला महापालिका आयुक्त डिमेलो लाचखाऊ आहे, लोभी आहे; पुढे त्याचे प्रेत शहरभर फिरवले जाते आणि अखेर महाभारताच्या नाटकात द्रौपदी म्हणून उभे केले जाते. २०२५ साली निवर्तलेल्या सतीश शहा यांनी मेलेल्या माणसाची भूमिका इतकी जिवंत केली की आजही हसू आवरत नाही. एका डिमेलोची याहून अधिक विटंबना ती काय व्हायची? तरीही तो चित्रपट पाहताना आमच्या मनाला कधी टोचले नाही. कारण विनोद त्याच्या नावावर किंवा धर्मावर नाही, त्याच्या खुर्चीवर आहे. त्याच्या स्मरणार्थ बांधलेला पूल कोसळतो तेव्हा आपण हसतो आणि त्याच हसण्यात आपल्या शहराचा संताप मिसळलेला असतो. तर्नेजा, आहुजा आणि डिमेलो हे तिघे एकाच मापाने मोजलेले आहेत. विनोदात समानता असते ती अशी.

आपण मराठी भाषक कॅथलिक. त्यामुळे या बाबतीत आपले दुखणे दुहेरी आहे. हिंदी चित्रपटाने ख्रिस्ती माणसाच्या हाती बाटली दिली, तशी मराठी बाईच्या हाती केरसुणी आणि मराठी पुरुषाच्या हाती हवालदाराचा दांडा दिला. तरी या ठरीव साच्यातूनही एखादा लेखक-अभिनेता माणूस घडवू शकतो. प्रियदर्शन यांच्या 'हेरा फेरी'मधला (२०००) बाबूराव गणपतराव आपटे हे त्याचे उदाहरण. मूळ मल्याळी चित्रपटावरून बेतलेल्या या कथेत परेश रावल यांचा बाबूराव जाड भिंगाचा चष्मा आणि धोतर सावरीत वावरतो. त्याचे बोलणे, चालणे, गोंधळणे सारे हास्यास्पद आहे. तरी मराठी प्रेक्षकाने त्याला घरचा मानले. का? आमच्या मते याचे कारण त्याची गरिबी खरी आहे. थकलेले भाडे, डोक्यावरचे कर्ज, चुकून आलेल्या दूरध्वनीतून अकस्मात दिसलेली श्रीमंतीची वाट: या तीन पुरुषांची तडफड उपनगरातल्या प्रत्येक चाळीला ओळखीची आहे. आपण बाबूरावाला हसतो आणि त्याला पैसे मिळावेत म्हणून मनोमन प्रार्थनाही करतो.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. त्यांतील पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यम प्रकृतीचे आणि शेवटचे दोन अधमांचे. आम्हाला या वर्गीकरणातली एक गोष्ट मोलाची वाटते. भरतांनी पारख केली ती हसणाऱ्याची. ज्याला हसले जाते त्याची नव्हे. सेमिनरीत आम्हाला शिकवलेल्या संत थॉमस अक्वायनस यांनीही विनोदाला सद्गुणांच्या चर्चेत स्थान दिले आहे. शरीराला जशी विश्रांती तशी मनाला क्रीडा हवी, असे ते मानतात. मात्र दुसऱ्याला इजा पोचवणाऱ्या शब्दांत वा कृतीत तो आनंद शोधू नये, ही त्यांची पहिली अट आहे. एक नाट्याचार्य आणि एक धर्मपंडित, देशकालाने इतके दूर असूनही, हसणाऱ्यालाच आरशासमोर उभे करतात.

हा निकष घेऊन आपल्या आवडत्या चित्रपटांकडे पाहू. सचिन पिळगावकर दिग्दर्शित आणि वसंत सबनीस लिखित 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आम्ही सेमिनरीच्या सुट्टीत पाहिला आणि त्यानंतर किती वेळा, ते सांगत नाही. हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान'वर (१९६६) आधारलेल्या या कथेचे मूळ जागेच्या टंचाईत आहे. पुण्यात डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून चौघांतले दोघे स्त्रीवेष घेतात. लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती आणि सचिन यांची सुधा यांना पाहून प्रेक्षक लोटपोट होतो; परंतु मुंबईत ज्याने पागडी, डिपॉझिट आणि अकरा महिन्यांचा करार यांतून घर शोधले आहे, तो त्या खोटेपणाला मनातल्या मनात क्षमा करून टाकतो. अशोक सराफ यांचा धनंजय माने लबाड आहे, पण त्याची लबाडी गरजेतून आली आहे. २०२४ साली सराफ यांना 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार प्रदान झाला, तेव्हा राज्याने आपल्या गरजवंत लबाडीचाच सत्कार केला, असे आम्हाला गमतीने वाटले.

'गोलमाल' या एकाच नावाचे दोन चित्रपट शेजारी ठेवले म्हणजे फरक अधिक स्पष्ट होतो. हृषीकेश मुखर्जी यांच्या 'गोलमाल'मध्ये (१९७९) अमोल पालेकर यांचा रामप्रसाद नोकरी टिकवण्यासाठी जुळ्या भावाची थाप मारतो. हसे होते ते उत्पल दत्त यांच्या भवानीशंकरचे, म्हणजे माणसाची लायकी मिशीवरून ठरवणाऱ्या मालकाचे. रोहित शेट्टी यांच्या 'गोलमाल'मध्ये (२००६) चार उडाणटप्पू तरुण एका अंध वृद्ध दांपत्याच्या घरात शिरतात आणि त्या चौघांतला एक मुका आहे. वेग आहे, गाणी आहेत, कलावंतांची वेळ अचूक आहे. आमच्या तरुणांना तो तोंडपाठ आहे. मात्र आंधळ्याला दिसत नाही आणि मुक्याला बोलता येत नाही, यावर वारंवार हशा घेतला जातो. एका विनोदात मालक खाली येतो, दुसऱ्यात आधीच खाली असलेला आणखी खाली ढकलला जातो.

यावर कोणी म्हणेल, "फादर, लोकांना हेच हवे असते; तिकीटबारी खोटे बोलत नाही." तिकीटबारीचा आम्ही आदर करतो. दादा कोंडके यांचे चित्रपट एकामागून एक रौप्यमहोत्सव करीत होते, तेव्हा नाके मुरडणाऱ्या शिष्टांपेक्षा गिरणगावातल्या कामगाराला आपली भाषा पडद्यावर ऐकल्याचा आनंद अधिक खरा होता. पण तिकीटबारी दुसरीही साक्ष देते. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने (२०१६) मराठीत उत्पन्नाचे सारे उच्चांक मोडले. त्यात नायकाच्या मित्राला गाव 'लंगड्या' म्हणते. पूर्वार्धात त्याच्यामुळे पुष्कळ हशा पिकतो. तरी तो पायामुळे हास्यास्पद नाही. तो वात्रट आहे, स्वप्नाळू आहे आणि मित्रासाठी मार खाणारा आहे. केदार शिंदे यांच्या 'बाईपण भारी देवा'ने (२०२३) सहा बहिणींच्या रुसव्याफुगव्यांवर आणि मंगळागौरीच्या खेळांवर चित्रपटगृहे भरवली. एरवी पडद्यावर वय वाढलेल्या बाईचे हसेच होते. येथे त्या बायका स्वतःच्या गुडघेदुखीला स्वतःच हसल्या. आमच्या धर्मग्रामातल्या भगिनीही घोळक्याने जाऊन आल्या. मंगळागौर त्यांची नसली तरी बहिणीबहिणींचे अबोले त्यांचेही होते. म्हणजे प्रेक्षकाला माणुसकीचे वावडे आहे, हे खरे नाही. त्याच्यासमोर काय वाढले जाते, हा प्रश्न आहे. आणि आम्ही त्या दिवशी हॉलमध्ये वाढलेले निमूटपणे खाल्ले, हेही तितकेच खरे.

असो. आम्ही तरुणांना प्रवचन दिले नाही. त्यांना त्या गृहस्थांचे शब्द, त्यांच्या परवानगीने, जसेच्या तसे सांगितले. मुले बराच वेळ गप्प होती. मग एकाने विचारले, "फादर, मग हसायचे तरी कोणावर?" आम्ही म्हणालो, "ज्याच्या हाती माइक आहे, त्याच्यापासून सुरुवात करा."

त्यांनी हा सल्ला फारच मनावर घेतला. यंदा ईस्टरनंतरच्या संमेलनात त्यांनी आमचीच नक्कल केली. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे, 'शेवटचा मुद्दा' असे चार वेळा म्हणून पाचवा मुद्दा काढणारे फादर रंगमंचावर अवतरले. ते गृहस्थ पत्नीसह तिसऱ्या रांगेत होते. त्यांना डोळे पुसावे लागले इतके ते हसले. आम्हीही हसलो. थोडे खट्टू झालो, हे लपवत नाही. पुढच्या रविवारी आमचे प्रवचन बारा मिनिटांत आटोपले.