मालिकेतील न्यायासन

दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिकांकडे आपली समीक्षा सहसा वळत नाही. वळलीच, तर तिच्या लेखणीतून उपहासाचे दोन-चार शब्द निघतात आणि विषय तेथेच संपतो. परंतु ज्या कथनप्रकाराचा आस्वाद लक्षावधी कुटुंबे रोज संध्याकाळी घेतात, त्याने समाजाच्या मनात न्यायाची कोणती प्रतिमा रुजविली, हा प्रश्न उपहासाने निकालात निघण्याजोगा नाही. बहुतेक मालिकांच्या प्रवासात केव्हातरी कोर्ट अवतरते. घरातील कलह घराच्या भिंतींत मावेनासा झाला, की पात्रे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन उभी राहतात. या प्रसंगाचे कलादृष्ट्या मोल काय, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

या प्रसंगांवर नेहमीचा आक्षेप असा, की ते वस्तुस्थितीला सोडून असतात. न्यायाधीश लाकडी हातोडी आपटतात. आपल्या न्यायालयांत ती वापरात नाही. निकाल द्यावयाचा त्याच क्षणी दार उघडून कोणी तरी अज्ञात साक्षीदार आत येतो. वकील सरतपासणी आणि उलटतपासणी यांचा भेद विसरून दीर्घ भाषणे करतात, आणि शेवटी खरा गुन्हेगार भर कोर्टात ओरडून कबुली देतो. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, या घटनेने दिलेल्या हमीचे मालिकेच्या जगात कोणाला स्मरण नसते. हे आक्षेप खरे असले, तरी वाङ्मयीन दृष्ट्या ते दुय्यमच म्हटले पाहिजेत. नाटक हे न्यायालयाचे कामकाजपत्रक नव्हे. पुराव्याच्या कायद्याचे कलमन् कलम पाळूनही प्रसंग निर्जीव होऊ शकतो, आणि त्यातील पुष्कळशी कलमे मोडूनही तो सत्याला भिडू शकतो. दोष कोठे आहे हे पाहण्यासाठी अधिक खोल जावे लागेल.

न्यायालयाचा प्रसंग आपल्या नाट्यपरंपरेला नवा नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या नवव्या अंकाचे नावच ‘व्यवहार’, म्हणजे खटला, असे आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणले, तेव्हा आपल्या रसिकांना हा प्रसंग अपरिचित नाही. शकाराने वसंतसेनेचा गळा दाबला आहे आणि हत्येचा आरोप चारुदत्तावर ठेवला आहे. प्रेक्षकाने सारे डोळ्यांनी पाहिलेले आहे. वसंतसेना एका भिक्षूमुळे वाचली, हेही त्याला माहीत आहे. म्हणजे आरोपी निर्दोष आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आणि न्यायसभेला अज्ञात, ही मालिकांची आवडती योजना शूद्रकाने केव्हाच वापरलेली आहे. तिला केवळ बाजारू म्हणून झिडकारणे म्हणजे स्वतःच्या वारशाविषयीचे अज्ञान होय.

मात्र शूद्रकाने या योजनेत आणखी एक गोष्ट केली आहे. त्याने न्यायाधीशाला मन दिले. हा अधिकरणिक प्रवेश करतो तोच न्यायदानाच्या अवघडपणाची जाणीव घेऊन. वादी-प्रतिवादी सत्य झाकतात आणि दूषण मात्र न्यायाधीशाच्या वाट्याला येते, हे तो जाणून आहे. चारुदत्ताला पाहताच असा मनुष्य खून करील यावर त्याचा विश्वास बसत नाही. पण पुरावा एकेक पाऊल पुढे येत राहतो. वसंतसेनेची आई सत्यच सांगते, आणि तिचे सत्य चारुदत्ताच्या विरुद्ध जाते. मैत्रेय मित्राच्या कळवळ्याने शकारावर धावून जातो, आणि त्या झटापटीत त्याच्याजवळचे वसंतसेनेचे दागिने खाली पडतात. एकही साक्षीदार चारुदत्ताचा वैरी नसतानाही त्याचा घात होतो. अधिकरणिकाचे अंतःकरण एक म्हणते आणि पुरावा दुसरे म्हणतो. या द्वंद्वातच त्या अंकाचा प्राण आहे. प्रेक्षकाला सत्य आधीच ठाऊक असूनही रस ओसरत नाही, कारण सत्य ठाऊक नसलेल्या एका प्रामाणिक माणसाची तळमळ तो पाहत असतो.

न्यायालयाच्या नाट्याचा गाभा असा न्यायाधीशाच्या अज्ञानात आहे. ज्याला माहीत नाही त्याने ठरवावयाचे, आणि ठरविल्यावाचून सुटका नाही. हीच न्यायसंस्थेची मानवी शोकांतिका आणि हीच तिची प्रतिष्ठा. संशयाचा फायदा आरोपीला देण्याचे तत्त्व याच अज्ञानाच्या नम्र स्वीकारातून जन्मलेले आहे.

आता आजच्या मालिकेकडे वळू. डिसेंबर 2022 मध्ये ‘स्टार प्रवाह’वर सुरू झालेली ‘ठरलं तर मग’ ही मालिका उदाहरणादाखल घेता येईल. तिचा नायक अर्जुन सुभेदार वकील आहे. आश्रमात वाढलेली सायली त्याच्याशी कराराचे लग्न करते, कारण तिला पित्यासमान असलेल्या मधुभाऊंवर खुनाचा खोटा आरोप आला आहे आणि त्यांची सुटका अर्जुनच करू शकेल अशी तिची श्रद्धा आहे. कल्पना मुळात सशक्त आहे. विवाह आणि वकीलपत्र या दोन करारांची अशी गुंफण आपल्या कथावाङ्मयात विरळाच. परंतु मधुभाऊ निर्दोष आहेत हे प्रेक्षकाला प्रारंभापासून ठाऊक असते, आणि त्या ज्ञानाशी झगडणारे दुसरे मन कोर्टात कोठेच नसते. न्यायाधीश उंच आसनावर बसतो, एका पक्षाला गप्प करतो, दुसऱ्याला बोलू देतो आणि पुढची तारीख देतो. त्याचे अज्ञान हा केवळ विलंब आहे. पुरावा त्याच्यापर्यंत पोचला की काम संपले. अशा प्रसंगात उत्कंठा असते, ती ‘खरे काय’ याची नसून ‘घरच्यांना केव्हा कळेल’ याची. कोर्ट येथे घराच्या दिवाणखान्याचाच विस्तार ठरते. जी निर्दोषता घरच्या मंडळींनी मान्य करावयाची, तिच्यावर शिक्का मारण्यापुरते न्यायासन उरते.

प्रेक्षकाला सर्वज्ञ करणे हाच दोष म्हणावा, तर आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’चे काय, अशी शंका येथे कोणी उपस्थित करील. 1962 साली फिरत्या रंगमंचासह अवतरलेल्या या नाटकात लखोबा लोखंडेचे एकेक रूप प्रेक्षक डोळ्यांनी पाहतो. आरोपी खोटे बोलतो याविषयी त्याला तिळमात्र शंका राहत नाही. पण अत्र्यांनी प्रेक्षकाला ज्ञान देऊन आपलीच एक अडचण करून ठेवली आहे. लखोबाच्या निर्ढावलेल्या नकाराला आपण हसतो, टाळ्या देतो, आणि फसवल्या गेलेल्या स्त्रियांच्या साक्षी ऐकताना त्या टाळ्या आठवून अवघडतो. फसवणुकीचे आकर्षण आपल्यालाही आहे, हे त्या नाटकाने दाखविले. मालिकेतील खलपात्राकडे असे आकर्षण जवळजवळ नसतेच; म्हणून आपल्या सद्‌गुणांविषयी शंका घेण्याची पाळी प्रेक्षकावर कधी येत नाही.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ने 1967 साली याहून उलटी वाट धरली. तेथे खटला खोटा, न्यायाधीश हौशी, आरोप खेळातला. पण लीला बेणारेचे खाजगी आयुष्य खेळता खेळता खरोखरच फाडले जाते. काशीकरांच्या न्यायासनाला अज्ञान नाही, कारण त्याला जाणून घ्यावयाचेच नाही. बेणारेला आपली बाजू मांडण्यासाठी मिळतात ती दहा सेकंदे, आणि त्या दहा सेकंदांच्या पोटात तिचे दीर्घ स्वगत उलगडते. कोर्टाने जे ऐकले नाही ते प्रेक्षकाने ऐकले. आणि ऐकूनही तो काही करू शकत नाही. 1971 साली या नाटकावर चित्रपट केला तो सत्यदेव दुबे यांनी, ज्यांचा जन्म छत्तीसगढातील बिलासपूरचा.

मालिकेच्या बाजूने एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. दीर्घ काळ हे तिच्या हातचे फार मोठे साधन आहे. नाटकाला तीन तास मिळतात; मालिकेला वर्षे मिळतात, आणि भारतातील खटलाही वर्षेच घेतो. हा दीर्घ काळ न्यायाच्या प्रश्नाचे काय करतो, हे पाहावयाचे तर छत्तीसगढातीलच एक खटला आठवावा. कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची 28 सप्टेंबर 1991 रोजी पहाटे, ते झोपेत असताना, भिलाईत गोळी घालून हत्या झाली. आपला घात होईल ही भीती त्यांनी जिवंतपणी ध्वनिफितीत नोंदवून ठेवली होती. मालिकेत अशी ध्वनिफीत कोर्टात वाजली असती, तर त्याच भागात निकाल लागला असता. प्रत्यक्षात दुर्गच्या सत्र न्यायालयाने 1997 साली सहा आरोपींना दोषी ठरविले. उच्च न्यायालयाने 1998 मध्ये त्या सर्वांना सोडले. आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2005 मध्ये एकाला दोषी ठरवून जन्मठेप दिली आणि इतरांची मुक्तता मान्य केली. एकच हत्या, एकच पुरावा, तीन न्यायासने आणि तीन उत्तरे. यांतले कोणते उत्तर योग्य, हे सांगणे समीक्षकाचे काम नाही. परंतु तेरा वर्षांहून अधिक काळ एका कामगारवस्तीने या तीन उत्तरांसह जगावयाचे कसे, ही कादंबरीची, नाटकाची, आणि सर्वांत अधिक मालिकेची सामग्री आहे. मालिकेजवळ तेवढा काळ असतो; ती तो कारस्थानांवर खर्च करते. अपील ही गोष्ट तिच्या जगात सहसा नसते, कारण अपिलाचा अर्थच असा, की पहिला न्यायाधीश चुकू शकतो.

माध्यमच असे उथळ आहे, असे म्हणून हा प्रश्न टाळता येणार नाही. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी पंडवानीला देशभर नेले. त्या भिलाई पोलाद कारखान्याच्या सेवेतही होत्या. श्याम बेनेगलांच्या 1988 च्या ‘भारत एक खोज’मध्ये दूरदर्शनच्या प्रेक्षकांनी त्यांना पाहिले. हातात एक तंबुरा, समोर हुंकार देणारा रागी, आणि एकाच देहात कौरव, पांडव व द्रौपदी. द्रौपदीच्या वस्त्रहरणाचा प्रसंग हा त्यांच्या गायनाचा एक मानबिंदू. त्या प्रसंगाचे मूळ रूप खटल्याचेच आहे. स्वतःला हरलेल्या माणसाला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, हा द्रौपदीचा प्रश्न शुद्ध कायद्याचा आहे. आणि भीष्मासारखा ज्ञाता धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून निर्णय टाळतो. पंडवानीत प्रश्न विचारणारी, तो न ऐकणारा आणि त्यापुढे मान खाली घालणारा, ही तिन्ही माणसे एकाच देहातून बोलतात. म्हणून न्यायसभेचे मौनही तेथे ऐकू येते. अवाढव्य कोर्टाचा देखावा उभारूनही मालिकेला जे साधत नाही, ते एका तंबुऱ्याला साधले, कारण त्या सादरीकरणात न्यायसभेला मन आहे, मग ते भेकड का असेना.

मालिकांतही याचे किरण कधी कधी दिसतात. ‘आई कुठे काय करते’मध्ये 2021 साली आलेला अरुंधती आणि अनिरुद्ध यांचा घटस्फोट पाहावा. तेथे उघड व्हावयाचे गुपित काही नव्हते. अनिरुद्धचे वर्तन सर्वांना माहीत होते. प्रश्न होता तो अरुंधतीने काय ठरवावयाचे याचा. न्यायालयाचा शिक्का गौण झाला आणि निर्णय घेणारे मन केंद्रस्थानी आले. गुपिताची चाकोरी सुटताच मालिकेचा प्रसंग किती प्रौढ होऊ शकतो, याचा हा पुरावा आहे.

तेव्हा मालिकालेखकांकडे समीक्षेने मागावयाचे ते एवढेच, की न्यायासनावर एक माणूस बसवा. त्याला कायदा थोडा कमी आला तरी चालेल. पण साक्ष ऐकताना त्याचे मन एकदा तरी दुसरीकडे झुकले पाहिजे, आणि प्रेक्षकाला सत्य ठाऊक असूनही त्याची भीती वाटली पाहिजे. आपल्याकडील जूरी हळूहळू लोपली आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही. तिच्या रिकाम्या खुर्चीवर जणू आज मालिकेचा प्रेक्षक बसला आहे. जूरीला निदान पुराव्यापलीकडचे काही दिसत नसे; या प्रेक्षकाला गुन्हा प्रत्यक्ष दाखविलेला असतो. रोज संध्याकाळी सर्वज्ञ होऊन बसणारा हा प्रेक्षक उद्या खऱ्या खटल्याकडे पाहील, तेव्हा आरोपीला संशयाचा फायदा देणाऱ्या न्यायाधीशाला तो आंधळा तरी समजेल किंवा विकला गेलेला तरी. शूद्रकाच्या प्रेक्षकाने अधिकरणिकाला असे समजण्याचा संभव फार थोडा, कारण त्याने त्याची घालमेल पाहिली होती.