श्रद्धा नावाच्या मुलीचा चेहरा

दक्षिण फ्रान्समध्ये काँक नावाचं एक लहानसं डोंगरी गाव आहे. तिथल्या मठाच्या खजिन्यात जेमतेम 85 सेंटिमीटर उंचीची एक मूर्ती सिंहासनावर बसली आहे. आत यू झाडाचं लाकूड, वर सोन्याचा पत्रा आणि त्यावर इतके खडे की पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मला मूर्तीआधी दागिनेच दिसले. ही सेंत फ्वा. फ्रेंचमध्ये ‘फ्वा’ म्हणजे श्रद्धा.

आख्यायिका अशी : आजाँ शहरातली ही बारा-तेरा वर्षांची मुलगी. रोमन देवतांना नैवेद्य-बळी द्यायला तिने नकार दिला, म्हणून तिला ठार मारलं. नवव्या शतकात काँकच्या एका साधूने तिचे अवशेष आजाँहून चक्क चोरून आणले. मग मूर्ती घडली, आणि तिच्या पाठीतल्या पोकळीत कवटी ठेवली गेली.

आता चेहरा झूम करून बघा. ही कुठल्या अंगाने बारा वर्षांची मुलगी वाटते? हनुवटी जड, मान ताठ, डोकं धडाच्या मानाने मोठं. कारण ते तिच्यासाठी घडवलेलंच नाही. 1950च्या दशकात मूर्तीची दुरुस्ती झाली, तेव्हा अभ्यासकांनी सांगितलं की हे सोन्याचं डोकं उशिराच्या रोमन काळातलं आहे, बहुधा एखाद्या सम्राटाचं. म्हणजे रोमन मूर्तीपुढे न वाकलेल्या मुलीला शेवटी रोमन पुरुषाचं डोकं बसवलं! काही जण याला विजयाची खूण म्हणतात. मला ते पटत नाही. सोनं हाताशी होतं, वापरलं. पण त्यात मुलगी पुसली गेली, हेही खरंच.

बाकीचं अंग मात्र मला फार आवडतं. तिथे कुणा एका कलावंताची योजना नाही. शतकानुशतकं भक्त देत गेले आणि ते सगळं जडवलं गेलं. त्यात रोमन काळातले कोरीव खडेसुद्धा आहेत. हात सोळाव्या शतकातले, बोटांत फुलं खोचायला बारीक नळ्या. प्रमाणबद्धता शोधणाऱ्याला ही मूर्ती बेढब वाटेल. मी ती देणाऱ्यांची वही म्हणून वाचते. त्या काळच्या चमत्कारकथांत ही संत लोकांच्या स्वप्नात येऊन दागिने मागते. तुलूझच्या सरदाराच्या बायकोकडे तिने सोन्याच्या बांगड्या मागितल्या, तर बाईने उलट अट घातली : आधी मुलगा दे! नवस बोलणाऱ्या घरात वाढलेल्या कुणालाही हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. आणि दागिन्यांवर जीव असलेल्या या हट्टी पोरीत मला ती मुलगी सापडते, चेहऱ्यात नाही.

1013च्या सुमारास आंजेचा बर्नार नावाचा विद्वान पाद्री इकडे आला. वाटेत ओरियाकला संत जेरोची अशीच मूर्ती बघून तो सोबत्याला लॅटिनमध्ये कुजबुजला, ही ज्युपिटरची की मार्सची? लॅटिनमध्ये, म्हणजे भोवतालच्या गावकऱ्यांना कळू नये म्हणून. पुढे तो बदलला, सेंत फ्वाच्या चमत्कारांचं पुस्तकच त्याने लिहिलं. तरी त्या खवचट प्रश्नासाठीच मला तो हवा असतो. मूर्ती बघताना गुडघे टेकलेल्या शेतकऱ्यांकडेही त्याचं लक्ष होतं. त्यांना वाटत होतं, मूर्ती आपल्याकडे बघते आहे, असं त्याने लिहून ठेवलंय. संग्रहालयाच्या दिव्यांत काढलेल्या फोटोंत सेंत फ्वाचे डोळे आपल्या डोक्यावरून कुठेतरी वर बघतात. मेणबत्तीच्या हलत्या उजेडात, खाली गुडघ्यांवर बसून ते कसे दिसत असतील, हे फोटो काढणाऱ्याने एकदा तरी करून बघायला हवं होतं.