भयानकाची वाट, वीराचा मोह

ओसाका येथील कॅपकॉम या जपानी कंपनीने मार्च १९९६ मध्ये ‘बायोहॅझर्ड’ नावाचा एक व्हिडिओ गेम प्रसिद्ध केला. जपानबाहेर तो ‘रेसिडेंट ईव्हिल’ या नावाने ओळखला जातो. ही मालिका सुरू होऊन आता एक पिढी लोटली. कथा-कादंबरी आणि नाटक यांच्या चर्चेला सरावलेल्या वाचकास हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या रचनेला पात्रे आहेत, स्थळ आहे आणि जी एका रसाचा परिपोष करू पाहते, तिला समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण मला तरी दिसत नाही. शिवाय दीर्घकाळ चाललेल्या रचनेत काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, हा प्रश्न या मालिकेने जितक्या उघडपणे सोडवला, आणि बिघडवलाही, तितका तो क्वचितच पाहावयास मिळतो.

पहिल्या खेळाचा दिग्दर्शक शिंजी मिकामी. अरण्यातील एका ओसाड वाड्यात काही पोलीस अडकतात आणि तेथे चालत्या-फिरत्या प्रेतांशी त्यांची गाठ पडते, एवढेच कथानक. भय मात्र कथानकात नव्हते, ते मांडणीत होते. कॅमेरा प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात खिळवलेला असे. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नसे, केवळ फरफटत येणारी पावले ऐकू येत. १९९२ सालच्या ‘अलोन इन द डार्क’ या फ्रेंच खेळात ही युक्ती आधीच येऊन गेली होती; मिकामींनी तिला शिस्त लावली. एका खोलीतून दुसरीत जाताना काळ्या पडद्यावर एक दार सावकाश उघडे. पुढची खोली यंत्राच्या स्मृतीत भरेपर्यंतचा वेळ काढण्याची ती सोय होती, पण त्या चार-पाच क्षणांत खेळणाऱ्याच्या छातीत धडधड होई. खिशात वस्तू ठेवण्यास जागा किती? जिल या नायिकेला आठ, ख्रिस या नायकाला सहा. खेळाची नोंद करून ठेवायची तर टंकलेखन यंत्र शोधावे लागे, आणि त्याच्या शाईच्या फितीही मोजक्याच. गोळ्या इतक्या थोड्या की प्रेतास मारावे की त्यास चुकवून पुढे जावे, हा हिशेब सतत मनात चाले.

आपल्या साहित्यशास्त्राची परिभाषा येथे उपयोगी पडते. भय हा भयानक रसाचा स्थायीभाव, उत्साह हा वीर रसाचा. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने या दोहोंना परस्परविरोधी मानले आहे. ज्याच्या हाती साधने आहेत आणि जो प्रहार करण्यास उत्सुक आहे, त्याच्या ठायी भय टिकत नाही. (रक्ताचे सडे आणि फाटलेली शरीरे यांनी बीभत्स साधतो, भयानक नव्हे, ही गल्लत खेळ रचणारे आणि त्यांवर लिहिणारे दोघेही करतात.) पहिल्या खेळातील प्रत्येक अडचण उत्साहाला आवर घालण्यासाठी होती. ती गैरसोय वाटे हे खरे, पण तीच विभाव होती.

१९९८ चा दुसरा भाग हिदेकी कामिया यांनी दिग्दर्शित केला. त्याचा बराचसा तयार झालेला पहिला खर्डा कंपनीने टाकून दिला आणि काम नव्याने केले. १९९९ मध्ये तिसरा भाग आला, २००० मध्ये ‘कोड : व्हेरोनिका’. प्रत्येक खेळ नेटका होता, पण साचा तोच. २००२ मध्ये पहिल्या खेळाची देखणी पुनर्निर्मिती झाली आणि त्याच वर्षी ‘झीरो’ही आला. एव्हाना खेळणारा सरावला होता. कॅमेरा कोठे असेल, प्रेत कोठून येईल याचा अंदाज त्यास येऊ लागला. भयाची सवय झाली की ते भय उरत नाही. म्हणजे न बदलण्यातही जोखीम होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जुन्याचा आग्रह धरणारे रसिक हे बहुधा विसरतात.

जानेवारी २००५ मध्ये चौथा भाग आला. त्याचेही अनेक खर्डे टाकले गेले; त्यांपैकी एकातून ‘डेव्हिल मे क्राय’ (२००१) हा वेगळाच खेळ जन्मला. पुन्हा दिग्दर्शनास बसलेल्या मिकामींनी जवळजवळ सारे काही मोडले. वाडा गेला, चालती प्रेते गेली, खिळलेला कॅमेरा गेला. स्पेनमधील एका खेड्यात, नायक लिऑन याच्या खांद्यामागून आपण पाहू लागलो. गोळ्या पूर्वीपेक्षा पुष्कळ. मग भय उरले कसे? उरले ते एका लहानशा नियमामुळे. बंदूक उगारली की लिऑनचे पाय थांबतात. नेम धरायचा तर उभे राहायचे, पळायचे तर नेम सोडायचा. आरंभीच्या खेड्यात चहूबाजूंनी गावकरी धावून येतात, डोक्यावर पोते चढवलेला एक मनुष्य यांत्रिक करवत घेऊन येतो, आणि आपण जागच्या जागी उभे! अखेर चर्चची घंटा वाजते आणि ते सारे शस्त्रे टाकून निमूट निघून जातात. त्या रिकाम्या चौकात उभे राहून खेळणारा जो श्वास सोडतो, तो विजयाचा नसतो. आपण काहीच जिंकलेले नाही, केवळ वाचलो आहोत, हे त्यास ठाऊक असते. मिकामींनी साधन बदलले, रस राखला.

दुर्दैवाने या यशाचा अर्थ पुढील मंडळींनी निराळा लावला. चौथा भाग गाजला तो त्यातील झुंजीमुळे, असे त्यांनी ठरवलेले दिसते. २००९ च्या पाचव्या भागात पाय थांबण्याचा नियम होता, पण सोबतीला शेवा नावाची सहकारी आली आणि अखेरपर्यंत राहिली. एकटेपण गेले तेथेच निम्मे भय गेले. (गौरवर्णीय नायक आफ्रिकी गावकऱ्यांवर गोळ्या झाडतो, या चित्राबद्दल झालेली टीकाही अनाठायी म्हणता येणार नाही.) २०१२ च्या सहाव्या भागाने उरलेले बांध तोडले. चालता चालता नेम, लोळणे, लाथा, चार स्वतंत्र कथानके, पूर्व युरोपातील रणांगण, चीनमधील महानगर. हा शुद्ध वीर रस होता, आणि तोही आक्रस्ताळा. कंपनीने बांधलेला ७० लाख प्रतींचा अंदाज तिलाच खाली आणावा लागला. खेळ लाखांनी खपला नाही असे नाही. पण रसिकांची तक्रार बदलाविषयी नव्हतीच. ज्यासाठी आपण येथे येतो ते येथे राहिले नाही, अशी ती तक्रार होती.

कोनामीच्या ‘सायलेंट हिल’ (१९९९) या मालिकेची गतही याहून फारशी वेगळी नाही. तिच्या गावावर पसरलेले धुके यंत्राचे दौर्बल्य झाकण्यासाठी आले आणि तिचा आत्माच होऊन बसले. चार भागांनंतर मूळ चमू विखुरला, मालिका पाश्चात्त्य हातांत गेली आणि २००८ च्या ‘होमकमिंग’मध्ये झुंजीत तरबेज असा नायक आला. धुके होते, पण धुक्यात चाचपडणारा दुबळा सामान्य माणूस नव्हता.

जानेवारी २०१७ मध्ये कोशी नाकानिशी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘रेसिडेंट ईव्हिल’चा सातवा भाग आला, तेव्हा त्याचे बाह्यरूप पूर्वीच्या कोणत्याही मुख्य भागाहून परके होते. सारे नायकाच्याच डोळ्यांनी दिसते. अमेरिकेतील लुइझियानाच्या दलदलीत एक जुने घर, त्यात बेकर नावाचे कुटुंब, आणि पत्नीच्या शोधात आलेला ईथन हा सामान्य गृहस्थ. जुन्या चाहत्यांनी ही आमची मालिकाच नव्हे म्हणून हाकाटी केली. माझ्या मते पहिल्या भागाशी इतके निकटचे नाते मधल्या कित्येक भागांना सांगता येणार नाही. खिळलेला कॅमेरा वळणापलीकडचे लपवीत असे. ईथनचे डोळे पाठीमागचे लपवतात. घरमालक मारून मरत नाही, भिंत फोडून येतो, लपावे लागते. खिसे पुन्हा लहान झाले. जहाजावरील उत्तरार्ध मात्र सैल आहे. तेथे बंदूक पुन्हा हाती येते आणि एकसारखे दिसणारे राक्षस टिपत जाणे एवढेच काम उरते.

पुनर्निर्मितीही जोखमीची असते. २०२० मधील तिसऱ्या भागाच्या नव्या रूपात मूळचा घड्याळाचा मनोरा फिरून पाहता येत नाही, आणि तो गेल्याने सारा खेळच आखूड वाटतो. पण जानेवारी २०१९ मध्ये आलेला नवा दुसरा भाग या साऱ्या प्रवासातील मला सर्वांत पटलेला प्रयोग आहे. कॅमेरा चौथ्या भागाचा, खांद्यामागचा. स्थळ १९९८ चेच, पोलीस ठाण्यात रूपांतरित झालेली जुनी भव्य इमारत. चालत नेम धरता येतो, पण उभे राहिल्याखेरीज तो घट्ट बसत नाही. आणि चार-पाच गोळ्या खाल्लेले प्रेतही उठून बसते. त्या ठाण्यात लांब कोट घातलेला एक धिप्पाड पाठलाग्या फिरत असतो. तो मरत नाही, फार तर काही क्षण गुडघे टेकतो. ग्रंथालयात आपण उरलेल्या गोळ्या मोजत उभे असतो, आणि वरच्या मजल्यावर त्याच्या बुटांचा आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात राहतो. जिना कोणत्या टोकाला आहे, हे आपल्याला आठवत नाही.