स्टेगोसॉरसचे 'चिलखत'

वर्गाच्या भिंतीवर लावण्याजोगा डायनोसॉरांचा एक रंगीत तक्ता नुकताच आमच्या पाहण्यात आला. छपाई चांगली, रंग ठसठशीत. स्टेगोसॉरसच्या चित्राखाली ओळ होती : 'शत्रूपासून संरक्षणासाठी पाठीवर हाडांचे चिलखत.' शेजारी अँकिलोसॉरस, आणि त्याच्याखालीही शब्दशः तीच ओळ. तक्ता पाहणाऱ्या सातवीतल्या एका मुलीने विचारले, "पण याला कुशीत चावलं तर?" तक्ता करणाऱ्यांना हा प्रश्न पडला नसावा.

चूक जुनी आहे, आणि ती पहिल्यांदा करणारा माणूस सामान्य नव्हता. अमेरिकेतील ऑथनिएल मार्श यांनी १८७७ साली या प्राण्याला नाव दिले तेच मुळी 'छपराचा सरडा' अशा अर्थाचे. हे अस्थिफलक कौलांसारखे पाठीवर आडवे पसरलेले असावेत, अशी त्यांची समजूत होती. तसे असते तर ते चिलखतच ठरले असते! पुढे १८९१च्या चित्रात त्यांनीच फलक उभे केले, पण एका रांगेत. चार्ल्स गिलमोर यांनी १९१४ साली कोलोरॅडोतील एका बऱ्याच अखंड सांगाड्यावरून दोन रांगा मांडल्या, त्याही समोरासमोर नव्हे, तर एकाआड एक. तेथेच १९९२ साली सापडलेल्या दुसऱ्या सांगाड्याने या मांडणीला पुष्टी दिली. छप्पर गेले, नाव राहिले, आणि आपल्या तक्त्यात चिलखतही राहिले.

हे फलक कण्याला जोडलेले नव्हते. ती त्वचेतच तयार झालेली हाडे, म्हणजे त्वचास्थी. मगरीच्या पाठीवर आजही अशी हाडे असतात. (खवल्या मांजराचे खवले मात्र आपल्या नखांच्या जातीचे, त्यांत हाड नसते. वर्गात ही दोन उदाहरणे एकत्र देऊ नयेत.) सर्वांत मोठा फलक ६० सेंटिमीटरहून उंच, पण बुडाशी जाड आणि वर पातळ होत गेलेला. आत पोकळ्या व रक्तवाहिन्यांच्या नळ्या, पृष्ठभागावर रक्तवाहिन्यांच्या खाचा. दात रोखणाऱ्या ढालीची ही घडण नव्हे. शिवाय फलक उभे, म्हणजे दोन्ही कुशी उघड्याच. मुलीची शंका रास्त होती. खरे चिलखत म्हणावे असे या प्राण्याच्या गळ्याखाली होते : बारीक हाडांच्या गोट्यांचे जाळे. तक्त्यात नेमके तेच नाही.

मग फलक कशासाठी? १९७६ साली फार्लो व सहकाऱ्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात प्रतिकृती ठेवून ते उष्णता बाहेर टाकण्यास योग्य असल्याचे दाखवले. हत्तीच्या कानांची आठवण व्हावी. परंतु २००५ मध्ये आक्षेप आला, की त्या रक्तवाहिन्या हाडाच्या वाढीसाठीच्या असू शकतात. टांझानियातील केन्ट्रोसॉरस या भाऊबंदाला तर मागच्या अंगाला फलकांऐवजी काटेच होते. ते उष्णता काय टाकणार? आमचा कल फलक मुख्यतः दिसण्यासाठी, स्वजातीयांना ओळख पटवण्यासाठी होते याकडे आहे. पण हा कल आहे, तक्त्यावर छापण्याजोगा निष्कर्ष नव्हे.

शेपटीच्या चार काट्यांबाबत पुरावा अधिक भक्कम आहे. कित्येक काट्यांची टोके मोडून जंतुसंसर्ग झाल्याच्या खुणा आहेत, आणि अॅलोसॉरसच्या शेपटीच्या एका मणक्याला अशा काट्याशी जुळणारे भोक आहे. तक्त्यात काटे आकाशाकडे रोखलेले आहेत. ते बाजूला व मागे रोखलेले होते, असे आता मानतात. जिवंतपणी ते अधिक लांबही असणार. पोळ्याला आपण बैलाचे शिंग रंगवतो ते वरचे आवरण. हाडाचा गाभा आत असतो. काट्यांचेही तसेच, फरक इतकाच की शिंगाचा गाभा कवटीतून निघतो. आल्बर्टातील एका खाणीत २०११ साली सापडलेल्या बोरिआलोपेल्टा या अँकिलोसॉरसच्या नातलगात असे आवरण टिकून राहिले आहे.

अँकिलोसॉरसच्या कुळाचे चिलखत मात्र खरेच चिलखत. पाठभर बसकी हाडे, मानेवर अर्धकडी, आणि युओप्लोसेफॅलसला तर पापणीतही हाड! काहींच्या त्वचास्थींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर तंतू एकमेकांना छेदत विणलेले दिसतात. त्यामुळे हाड पातळ असूनही चिवट.

तक्त्याची नवी आवृत्ती निघाल्यास अँकिलोसॉरसखालची ओळ राहू द्यावी. स्टेगोसॉरसखालची काढावी, गळा व शेपूट यांच्याकडे बाण दाखवावेत आणि दोन्ही प्राणी एकाच झाडाखाली उभे करू नयेत. त्यांच्यात सुमारे ८ कोटी वर्षांचे अंतर आहे.